विमानातील शेगडी

पेडणे तालुक्यातील मुलांना आकाशाकडे पाहण्याची नवी सवय लागली आहे. ५ जानेवारी २०२३ रोजी मोपा येथील विमानतळावरून प्रवासी विमाने ये-जा करू लागली. तेव्हापासून विज्ञानाच्या तासाला खिडकीबाहेर पाहणाऱ्यांची संख्या वाढली आहे. त्यांपैकीच एक, दहावीच्या वर्गातील मुलगा, गेल्या मार्गशीर्षात मोठ्या कागदाची गुंडाळी बगलेत मारून चोपड्याला माझ्या घरी आला.

"सर, विमान झालं," तो म्हणाला.

विमान अर्थात कागदावर झाले होते. मुंबईच्या कांदिवलीत आपल्या इमारतीच्या गच्चीवर विमान बांधणाऱ्या कॅप्टन अमोल यादवांची हकीकत त्याने कोठेतरी वाचली होती. २०१६ च्या फेब्रुवारीत ते विमान वांद्रे-कुर्ला संकुलात लोकांना पाहावयास मिळाले, ही गोष्ट तो मला अशा अभिमानाने सांगत होता, की जणू त्याचे खिळे यानेच ठोकले होते. गच्चीवर विमान होऊ शकते, तर चोपड्याच्या खळ्यात का होऊ नये, हा त्याचा प्रश्न. मजजवळ उत्तर नव्हते.

इंजिन त्याने मोठ्या हौसेने निवडले होते. फेलिक्स वांकेल या जर्मन संशोधकाचे रोटरी इंजिन १९५७ साली प्रथम चालले; पुढे जपानच्या माझ्दा कंपनीने ते मोटारींत बसविले आणि परदेशांतील काही हौशी लोकांनी तीच इंजिने घरी बांधलेल्या विमानांत घातली. त्यात वरखाली धावणारा दट्ट्या नाही. फुगीर बाजूंचा एक त्रिकोण लंबगोलासारख्या पोकळीत गरगर फिरतो. त्यामुळे भाग थोडे, हादरे थोडे. दोष असा, की ते पेट्रोल अधिक पिते आणि त्याच्या धुराड्यातून निघणारे वायू नेहमीच्या इंजिनापेक्षाही अधिक तप्त असतात. हा दोष मुलाला मोठा गुण वाटला होता. धुराड्याच्या नळीभोवती त्याने पत्र्याचे एक वेष्टण काढले होते. बाहेरची हवा त्या वेष्टणात शिरून तापावी आणि बसणाऱ्याच्या पायाशी यावी. खाली सुबक अक्षरांत लिहिले होते: 'ऊब. खर्च जवळजवळ शून्य.'

घरातील मंडळी हसली. आमच्याकडे डिसेंबरातही दुपारी पंखा लावावा लागतो, तेथे उबेची चिंता! पण मुलाचे गणित चुकलेले नव्हते. दर हजार फुटांना तापमान सुमारे दोन अंशांनी उतरते. पेडण्यात तीस अंश असले, तर दहा हजार फुटांवर दहाच उरतात. शिवाय त्याला लेहला जायचे होते. तेथील विमानतळच समुद्रसपाटीपासून सुमारे ३२५० मीटर उंच आणि जानेवारीतील रात्र शून्याच्या बरीच खाली.

मी मात्र हसलो नाही. त्या पत्र्याच्या वेष्टणाकडे पाहताना मला आमच्या घरातील एक जुनी खोली दिसू लागली होती.

मी तेव्हा दहा वर्षांचा होतो. थोरली ताई बाळंतपणासाठी माहेरी आली होती. आषाढातील पाऊस कोसळत होता. बाळाला वारा लागू नये म्हणून आजीने खोलीची खिडकी बंद करून फटींत चिंध्या कोंबल्या होत्या. बाजेखाली शेगडी आणि शेगडीत नारळाच्या करवंट्यांचे लालबुंद निखारे. धूर नाही, ठिणगी नाही, वास असलाच तर ओव्याचा. रात्री मी त्याच खोलीत उंबऱ्याशी निजलो होतो. पहाटे जाग आली ती डोके ठणकत असल्यामुळे. ताईला हाक मारली, तिने ओ दिली नाही. बाळ रडत होते, पण ते रडणे दूरच्या घरातून यावे तसे क्षीण होते. मी उठू लागलो तर पायांत बळ नव्हते. रांगत जाऊन मी कडी काढली, एवढेच मला आठवते. पुढे वडिलांनी ताईला बाजेसकट ओसरीवर आणले. शापोरा नदीवर तेव्हा पूल नव्हता. नदीला पूर असताना होडी घालून त्यांनी शिवोलीहून डॉक्टर आणले, तोवर ताईने डोळे उघडले होते. आजी दृष्ट लागली म्हणत होती. डॉक्टरांनी शेगडीकडे बोट दाखविले.

त्या वायूचे नाव मला पुढे कॉलेजात कळले: कार्बन मोनॉक्साइड. त्याला रंग नाही, वास नाही. रक्तातील हिमोग्लोबिनला तो प्राणवायूच्या दोनशेपटींहून अधिक ओढीने चिकटतो. माणूस गुदमरत नाही. त्याला फक्त झोप येते. वैमानिकाला झोप येणे म्हणजे काय, हे सांगावयास नको. २१ जानेवारी २०१९ च्या रात्री फ्रान्सहून वेल्सकडे निघालेले एक लहान विमान खाडीत कोसळले. त्यात एमिलियानो साला हा फुटबॉलपटू आणि वैमानिक असे दोघे होते. सालाच्या रक्तातील ५८ टक्के हिमोग्लोबिन या वायूने व्यापलेले आढळले. इंजिनाचा धूर केबिनमध्ये शिरला असावा, असा ब्रिटिश तपासाचा निष्कर्ष होता.

मी मुलाला सावंतवाडीच्या मामांकडील तांब्याच्या बंबाची गोष्ट सांगितली. मधल्या नळीत विस्तव, भोवती पाणी, दोहोंमध्ये केवळ तांब्याचा पत्रा. एकदा नळीला चीर पडली, तर पाणी विस्तवात गळून तो चुरचुरत विझला. मामींना लगेच कळले. आता तुझ्या वेष्टणातील पत्र्याला चीर पडली तर तुला कोण सांगेल? रोटरीचे धुराडे लालबुंद तापणारे, त्यावर इंजिनाची थरथर. चीर आज ना उद्या पडणारच, असे धरून चालले पाहिजे.

कागद जमिनीवर पसरून आम्ही दोघे बसलो. विजेची ऊब प्रथमच बाद झाली: दीड हजार वॅटसाठी चौदा व्होल्टला शंभराहून अधिक अँपियर लागतात आणि त्याच्या कागदावरील जनित्र साठांचे होते. पेट्रोलचा स्वतंत्र स्टोव्ह म्हणजे पुन्हा शेगडीच. रोटरी इंजिनात तेलही बरीच उष्णता वाहून नेते. तेल केबिनमध्ये फिरवावे, ही कल्पना त्याला आवडली होती. पण नळी फुटली तर उकळते तेल पायांवर. राहिले इंजिन थंड ठेवणारे पाणी. ते ऐंशी-नव्वद अंशांवर सतत खेळत असते. त्याची एक शाखा लहानशा रेडिएटरातून आणावी, मागे पंखा ठेवावा. त्यातही धोका आहेच. सगळे पाणी गळाले तर इंजिन जळेल. म्हणून इंजिन आणि केबिन यांमधील भिंतीपलीकडे पाणी तोडणाऱ्या दोन चाव्या हव्यात, नि वजन काही किलो वाढणार. पण पाणी गळले तर काच धुरकटते, गोडसर वास येतो, पाय ओले होतात. गळती आपण होऊन कळते. मला एवढेच पुरेसे होते.

मुलाला वजनाचे वाईट वाटले. 'खर्च जवळजवळ शून्य' हे शब्द त्याने बराच वेळ खोडले नाहीत.

पुढच्या रविवारी म्हापशाच्या एका भंगारवाल्याकडून त्याने मोटारीच्या हीटरचा लहान रेडिएटर आणला. आम्ही न्हाणीतल्या भाणातील कढत पाणी रबरी नळीने त्यातून सोडले आणि मागे टेबलाचा पंखा लावला. पलीकडून अशी गरम झुळूक आली, की मुलाने दोन्ही हात पुढे धरले.

थोरली ताई त्या दिवशी जत्रेसाठी आली होती. ओसरीवर बसून ती आमचा उद्योग पाहत होती. ते बाळ आज दोन मुलांची आई आहे. ताईने सर्व शांतपणे ऐकून घेतले आणि विचारले, "बाबा, तुझ्या विमानाची खिडकी उघडते ना रे?"

मुलाने कागद पाहिला. खिडकी उघडत नव्हती. त्याने शिसपेन्सिल काढली.