लवणासुराचे झाकण आणि शिरोडकरचे मन

एकच कथाविश्व अनेक माध्यमांत विभागून सांगायचे आणि प्रत्येक माध्यमाने त्यात स्वतःची भर घालायची, या प्रकाराची ‘ट्रान्समीडिया कथन’ म्हणून सविस्तर मांडणी हेन्री जेन्किन्स यांनी ‘कन्व्हर्जन्स कल्चर’ (२००६) या ग्रंथात केली. त्यांचे प्रमुख उदाहरण ‘द मेट्रिक्स’चे: चित्रपट, सचेतपट, संगणकीय खेळ. बुलढाणा जिल्ह्यात मराठी शिकवणाऱ्या आम्हां दोघांना मात्र उदाहरणासाठी इतके दूर जावे लागत नाही. लोणार जवळच आहे.

लवणासुराची कथा तेथे एका जागी पूर्ण सापडत नाही. दैत्यसूदन मंदिराच्या शिल्पकाराने वधाचा क्षण कोरला. विष्णूने अंगठ्याच्या स्पर्शाने असुराच्या भुयाराचे झाकण उडवले, हे लोककथा सांगते आणि दूरची एक टेकडी म्हणजेच ते झाकण, असे मानते. सरोवराचे पाणी हे असुराचे रक्त, खार हे त्याचे मांस. १९७३ साली भूवैज्ञानिकांनी अशनिपाताचा पुरावा प्रसिद्ध केला आणि त्याच विवराची दुसरी कथा पक्की झाली. एकीत झाकण वर उडते, दुसरीत आकाशातून दगड खाली येतो. येथे कोणी कोणाची नक्कल करत नाही. प्रत्येक जण आपला तुकडा सांगतो.

कादंबरीच्या वाट्याला मात्र बहुधा रूपांतर येते, म्हणजे तीच कथा पुन्हा. म्हणून वर्गात प्रश्न येतो: “सिनेमा पाहिलाय, मग पुस्तक कशाला?” आम्हांस हा प्रश्न उद्धट वाटत नाही. आमच्या विषयाचे प्रयोजनच त्यात पणाला लागलेले असते. कादंबरीच्या पावित्र्याची ढाल येथे उपयोगाची नाही. हरिभाऊ आपट्यांची ‘पण लक्षांत कोण घेतो?’ हीदेखील आधी ‘करमणूक’मधून क्रमशः आली, पुस्तक नंतर झाले. माध्यमांतर या वाङ्मयप्रकाराला नवे नाही.

मिलिंद बोकील यांची ‘शाळा’ (२००४) घ्या. तिच्यावरून ‘गमभन’ हे नाटक झाले, २०१२ मध्ये मराठी चित्रपट प्रदर्शित झाला. पडद्यावर शिरोडकरला चेहरा आहे. जोशीला कळण्याआधीच तिचे मन आपण त्यावर वाचू लागतो. पुस्तकात निवेदन जोशीचे. त्याला जे उमगत नाही, ते आपल्यालाही उमगत नाही. ते न उमगणे हाच तेथील अनुभव आहे आणि तो कॅमेऱ्याच्या हाती सहज लागत नाही.

म्हणून आम्ही विद्यार्थ्यांना शिरोडकरची रोजनिशी लिहावयास सांगतो. ती लिहायची तर जोशीने काय पाहिले आणि काय पाहिले नाही, हे पानापानांवर शोधावे लागते. सिनेमा पाहून आलेल्यालाही मग पुस्तक उघडणे भाग पडते. कादंबरीचा पुढचा विस्तार अशा मोकळ्या जागांतून व्हावा. तीच कथा पुन्हा सांगणारे पुष्कळ आहेत. उरलेला तुकडा सांगणारे हवे आहेत.