नाकातला ह

ऑडिओलॉजिस्ट बाईंनी आलेख पुढे सरकवला तेव्हा मी आधी ४००० हर्ट्झच्या पलीकडे पाहिलं. रेघ तिथून उतरत गेली होती, घाटात एसटी उतरावी तशी. सदुसष्ट वय, व्हायचंच, असं त्या म्हणाल्या. बँकेतून निवृत्त झालेला कुणी असता तर मान डोलावून घरी गेला असता. मी मात्र तिथल्या तिथे पुटपुटत 'साप' आणि 'पिशवी' म्हणून पाहिलं.

पांढऱ्या ह्मोंग बोलीत साप म्हणजे 'ना'. पिशवीही जवळजवळ 'ना'च. सूर तोच, उंच; स्वरही तोच. फक्त पिशवीतला न सुरू होतो तेव्हा कंठ झोपलेला असतो. नाकातून नुसता श्वास निघतो आणि शेवटी शेवटी कंठ जागा होतो. हे देवनागरीत लिहायची सोय नाही. 'न्हा' लिहिलं तर आपण न्हाणीघरातला न्हा म्हणणार, म्हणजे घोष पहिल्यापासून चालू. 'ह्ना' लिहिलं तरी मराठी जीभ ते उलटंच करते. ब्रह्म लिहून ब्रम्ह म्हणणारी माणसं आपण. ह्मोंग लोकांचं स्वतःचं नावच अशा अघोष म ने सुरू होतं. मी 'ह्मोंग' लिहितो, तुम्ही 'म्होंग' वाचता, आणि दोघंही चुकतो.

खरं तर हा ध्वनी मला जड जाईल असं वाटलंच नव्हतं. अमेरिकेत सेंट पॉलला ही भाषा शिकायला लागलो तेव्हा वर्गातले अमेरिकन ट आणि त यांच्यात अडखळत होते. मला ट घरचा. चाळीतला च आणि चहातला च वेगळे, हे त्यांना आकृत्या काढून समजवावं लागे. मी आईच्या मांडीवर शिकलेलो. मिरवायची खोड तेव्हापासूनची. म्हैस, न्हावी, कोल्हा ही आमची श्वासाची व्यंजनं फळ्यावर लिहून मी एक छोटं व्याख्यानच दिलं होतं. मग ज्यांच्याकडे शिकायला जायचो त्या आजींसमोर 'पिशवी' म्हणालो, तर त्या पदराआड हसाव्या तशा तळव्याआड हसल्या. साप नव्हता झाला, पण पिशवीही नव्हती झाली. मधलंच काहीतरी मराठी झालं होतं.

त्यांना 'आजी' म्हणण्यातही पंधरा दिवस घोळ घातला. वडिलांची आई म्हणजे 'पॉ', उतरत्या आणि श्वासाळ सुरात. त्यातला श्वास काढला की उरतो तो 'बाई, मादी' या अर्थाचा शब्द. सुराची उतरण दोन्हीकडे इतकी सारखी की एकमेकींवर ठेवता येईल. त्यांनी एकदाही टोकलं नाही.

मग मी दाढीचा छोटा आरसा घेतला. नाकाखाली धरायचा, म्हणायचं. म वर धुकं आधी उमटलं आणि गळ्यावरच्या बोटाला थरथर नंतर लागली, तर जमलं. थंडीत तर दारातच सराव होई, वाफ दिसायची. चार महिन्यांनी आजींनी पिशवी उचलून हातात दिली.

या भाषेला १९५१ ते १९५३ दरम्यान लाओसमध्ये स्मॉली, बार्नी आणि फादर बेर्त्रे यांनी रोमन लिपी बसवली. शब्दाच्या शेवटी दिसणारं अक्षर उच्चारायचंच नाही, तो सूर: बी म्हणजे उंच, जी म्हणजे श्वासाळ. सोयीची आहे, टंकलेखन यंत्रावर बसते. पण माझा जीव शोंग लू यांग या शेतकऱ्यावर. शाळेचं तोंड न पाहिलेल्या या माणसाने १९५९ मध्ये स्वतःची लिपी काढली. तिच्यात स्वर आधी लिहायचा, व्यंजन मागून, वाचायचं मात्र उलट. आपली ऱ्हस्व वेलांटी जशी अक्षराआधी बसते, तसं प्रत्येक अक्षरात. आपल्या 'क'मध्ये अ गृहीत, त्याच्या स्वरात क गृहीत. १९७१ मध्ये त्याला मारलं. ध्वनिशास्त्राच्या परिषदांमध्ये बसलो की मला हटकून तो आठवतो. हल्ली तिथे सगळे प्राट या संगणक प्रणालीने काढलेली ध्वनीची चित्रं पडद्यावर दाखवतात. तो ध्वनी तोंडाने काढून दाखवा म्हटलं की पाणी पितात. अर्थात चित्रंच बरोबर निघतात, हे दुःख आहे. ह्मोंगमधल्या घोगऱ्या सुराविषयी मी मोठ्या ऐटीत एक टिपण लिहिलं होतं, की ऐकणारा घोगरेपणावरूनच तो शब्द ओळखतो. २०१३ मध्ये गॅरेलेक आणि सहकाऱ्यांनी प्रयोग केला. श्वासाळपणा ऐकणाऱ्याला लागतो, घोगरेपणा नाही. तिथे ऐकणारा सुराच्या चढउतारावर आणि लांबीवर जातो. ते टिपण मी कुणाला पाठवत नाही.

पितळ उघडं पडलं ते मात्र गेल्या हिवाळ्यात. आजींची नात माझ्याकडे शिकते, विस्कॉन्सिनमध्ये वाढलेली. ध्वनिमुद्रण चालू होतं, ती बोलत होती, मी लिहून घेत होतो. 'लू ना', ती म्हणाली. मी 'पिशवी' लिहिलं. तिने वहीत डोकावून पाहिलं. "साप म्हणाले मी, सर."

सापाला 'लू' लागत नाही. प्राण्याला, माणसाला 'तू'. पिशवी, घर, डोकं यांना 'लू'. नामाआधी हे वर्गीकारक येतं आणि निम्मं काम तिथेच होतं, आपल्याकडे 'तो' म्हटलं की पिशवी बाद होते तसं. पोरगी इंग्रजीत वाढली, सगळ्यालाच 'लू' लावते. ते मी तिला सांगितलंही, जरा जास्तच तिखटपणे. रात्री झोप लागेना. तिचं व्याकरण चुकलं होतं, पण न तिने स्वच्छ सापाचाच काढला होता. मला तो ऐकूच आला नव्हता. मी 'लू' ऐकून पिशवी लिहिली होती. असं किती वर्षं चाललंय?

ह्मोंगच्या दुसऱ्या, हिरव्या बोलीत हा अघोष म मुळात नाही. ते लोक स्वतःला सरळ 'मोंग' म्हणतात आणि नुसतं 'ह्मोंग' लिहिलं की रागावतात, रास्तच. माझ्या कानाने आता सगळ्यांनाच हिरवं करून टाकलंय. श्रवणयंत्र घेतलं तर त्याचा पहिला गुण हा की खरखर गाळतं. आणि मला हवी होती ती नेमकी खरखर. बाईंनी ती सोय बंद करून दिली. आता वारा ऐकू येतो, फ्रीज ऐकू येतो, कुणी सदरा झटकला तर ऐकू येतं. पिशवी कधी येते, कधी नाही.

आजी गेल्या त्याला सहा वर्षं झाली. त्यांचा आवाज कॅसेटवर आहे. शनिवारी नात येते, आम्ही एकेक वही काढून पुन्हा ऐकतो. नाकातला श्वास ऐकू आला की तिने बोट वर करायचं, मी खूण करायची. आरसा आता कामाचा नाही, तरी टेबलावर असतो. चौथ्या वहीत एका पानावर सतरा शब्द होते. तिचं बोट नऊदा वर गेलं. वहीत माझ्या अक्षरात अकरा.

ते दोन कुठले, हे तिने विचारलं नाही. मी पान उलटलं.