विम्याविना धडक, आधाराविना घर

व्यापारी उधारी देताना समोरच्याची पत पाहतो. रस्त्यावर मात्र ती पाहण्याची सोय नसते. मोटार वाहन कायदा, 1988 च्या कलम 146 ने तृतीय पक्ष विमा सक्तीचा केला असला, तरी विम्याविना वाहने धावतातच.

एका भुसार व्यापाऱ्याचा मुलगा वसुलीसाठी पेढीच्या मोटारीने निघाला असता विमा नसलेल्या टेम्पोची धडक बसून त्याने एक पाय गमावला. न्यायाधिकरणाने टेम्पोमालकाविरुद्ध भरपाईचा आदेश दिला. परंतु ज्याने विम्याचा हप्ताही भरला नव्हता, त्याच्याकडून लाखोंची वसुली व्हायची कशी? रुग्णालयाचे बिल घरातूनच भागवावे लागले.

मोटारीच्या पॉलिसीसोबत मिळणारे 15 लाखांचे वैयक्तिक अपघात संरक्षण तरी हाती यावे, अशी वडिलांची अपेक्षा होती. परंतु ते वैध परवाना असलेल्या नोंदणीकृत मालकापुरतेच असते. घसाऱ्याच्या सवलतीसाठी मोटार भागीदारी संस्थेच्या नावावर होती. संस्थेच्या वाहनाला हे संरक्षण मिळतच नाही. वडिलांच्या नावावरील स्कूटर मुलगा चालवतो, तेव्हाही तो या संरक्षणाबाहेरच राहतो.

म्हणून घरातील प्रत्येक कमावत्या व्यक्तीच्या नावे स्वतंत्र वैयक्तिक अपघात विमा आणि पुरेसा आरोग्य विमा असावा. वाहनाच्या दुरुस्तीसाठी केवळ तृतीय पक्ष नव्हे, तर सर्वसमावेशक पॉलिसी घ्यावी. दिवाळीत नव्या वह्या घालताना येणी-देणी तपासली जातात. त्याच बैठकीत कोणती पॉलिसी कोणाच्या नावावर आहे, हेही पाहावे.