चुलवाण

भाऊबीजेला मी कोल्हापूरला माहेरी आले, की एक सोहळा ठरलेला. आबा नातवंडांना रांगेत उभे करतात आणि एकेकाचा दंड चाचपून पाहतात. ऐन उमेदीत आबांनी खासबागेच्या मैदानात कुस्त्या मारल्या. तिथली माती अजून त्यांच्या बोलण्यातून झडते. यंदा माझ्या मुलीचा दंड दाबून ते म्हणाले, "बघा! माझी ताकद उतरलीया हिच्यात."

मुलगी कॉलेजात जीवशास्त्र शिकते. बेसनाचा लाडू फोडत ती म्हणाली, "आजोबा, ताकदीचं चुलवाण आईकडून येतं!"

आबांनी मिशीवरून हात फिरवला. हे त्यांना झोंबले होते.

ती समजावू लागली. लाडवातली साखर पचून रक्तातून पेशीत जाते. तिथे तिच्या रेणूचे आधी दोन तुकडे होतात. त्याला हवा लागत नाही. पण पदरात पडतात ऊर्जेची अवघी दोन नाणी. मग ते तुकडे तंतुकणिकेत शिरतात. हे पेशीचे चुलवाण. श्वासातला प्राणवायू इथे कामी येतो आणि एका रेणूमागे सुमारे तीस नाणी जमतात. उरलेला कर्बवायू आपण उच्छ्वासावाटे टाकतो. या जळणाचे चक्र हान्स क्रेब्ज यांनी १९३७ साली उलगडले. १९५३ साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले.

"नाक नुसता दरवाजा, आजोबा. खरा श्वास पेशी घेते. कुस्तीत दम अपुरा पडला, की तिला त्या दोन नाण्यांवर भागवावं लागतं."

"मग अंग कसं भाजत न्हाई?" आबांनी डाव टाकला.

"भडका उडत नाही म्हणून. पायरीपायरीनं जळतं. तंतुकणिका घडवणारी बरीचशी जनुकं आईबाप दोघांची; पण मूळ कणिका आईच्या बीजातून येते, बापाची टिकत नाही. आजीची आईला, आईची मला."

माझे मन एकदम मळ्यातल्या गुऱ्हाळात गेले. वर काहिलीत रस उकळे. आबा गुळाच्या ढेपा खांद्यावरून नेत आणि येणारेजाणारे त्यांच्या बळाची तारीफ करीत. आई खाली चुलवाणाच्या तोंडाशी बसून वाळली चिपाडे आत सारीत असे. जाळ वाढला तर गूळ करपे, मंदावला तर पाक रेंगाळे. धुराने तिचे डोळे लाल होत. तिच्याकडे कुणी पाहत नसे. आम्ही मुले तरी कुठे पाहत होतो? शाळेत कुणी विचारले, "तू कुणाची गं?" तर मी ऐटीत सांगे, "पैलवानांची!"

आई जाऊन सहा वर्षे झाली. तिने पेटवलेला जाळ माझ्या पेशीपेशीत चालू होता, आणि मला त्याचा पत्ताच नव्हता.

आबा बराच वेळ गप्प होते. मग भिंतीवरच्या तसबिरीकडे पाहत हळूच म्हणाले, "खरं हाय पोरी. दम तिचाच मोठा होता."