कापूसची लस

माझा धाकटा भाऊ मेलबर्नला असतो. त्याच्या नऊ वर्षांच्या मुलीने एक पांढरा ससा पाळला होता. नाव ठेवले होते कापूस. जानेवारीत, म्हणजे तिकडच्या ऐन उन्हाळ्यात, कापूसच्या पापण्या सुजल्या, डोळे चिकटले, तोंडाभोवती गाठी आल्या. दहा-बारा दिवसांत तो गेला. जनावरांच्या डॉक्टरांनी रोगाचे नाव सांगितले, मिक्सोमॅटोसिस.

तिचा फोन आला. "काका, इंग्लंडमध्ये याची लस मिळते. मग इथे का देत नाहीत?"

मी क्षणभर गप्प झालो. कारण याच रोगाची गोष्ट मी भूगोलाच्या तासाला वर्षानुवर्षे मोठ्या कौतुकाने सांगत आलो आहे. १८५९ साली थॉमस ऑस्टिन या जमीनदाराने शिकारीसाठी इंग्लंडहून ससे मागवून व्हिक्टोरियात सोडले. त्यांचे कोट्यवधी झाले. मेंढ्यांचा चारा आणि शेतकऱ्यांचे पीक फस्त होऊ लागले. अखेर १९५० मध्ये डास-पिसवांमार्फत पसरणारा हा विषाणू रानात मुद्दाम सोडण्यात आला. लोक धास्तावले, तेव्हा बर्नेट, फेनर आणि क्लूनीज रॉस या शास्त्रज्ञांनी तो स्वतःला टोचून घेतला आणि माणसाला त्याचा अपाय नाही हे दाखवून दिले. इथे वर्ग थक्क व्हायचा, आणि मी धडा संपवायचो.

पुढचे मी कधी सांगितलेच नव्हते. या रोगावरच्या लसीत सौम्य केलेला जिवंत विषाणू असतो. तो रानसशांत पसरला तर त्यांनाच संरक्षण मिळेल, या भीतीने ऑस्ट्रेलियात पाळीव सशालाही ती देता येत नाही. सशांच्या रक्तस्रावी रोगाची लस तिथे मिळते, याची मात्र नाही. रानसशांनी पिढ्यान्‌पिढ्या मरत मरत थोडीफार प्रतिकारशक्ती कमावली. पिंजऱ्यातल्या कापूसजवळ ना ती होती, ना लस.

हे सारे मी तिला समजावून सांगितले. ती म्हणाली, "पण कापूस तर कुणाच्या शेतात गेला नव्हता."

मी शेतकऱ्याचा मुलगा. उभे पीक जनावरांनी खाल्ले की घरात काय होते ते मी पाहिले आहे. त्यामुळे तिथले सरकार चुकले असे मला म्हणवत नाही. पण त्या पोरीला उत्तरही देता आले नाही.

आता भावाने दुसरा ससा आणला आहे. पिंजऱ्याला चारी बाजूंनी मच्छरदाणी शिवली आहे. आणि यंदा मी तो धडा टोचून घेतलेल्या सुईपाशी संपवला नाही, कापूसपर्यंत नेला. वर्ग या वेळीही गप्पच होता, पण ती शांतता वेगळी होती.