तांबड्या रेघेची गोळी
सर्दी-पडसं झालं की मेडिकलमध्ये जाऊन ‘मागच्या वेळची ती गोळी द्या’ म्हणणं इतकं अंगवळणी पडलंय, की पाकिटावरची उभी तांबडी रेघ कुणाला दिसतच नाही. हे औषध डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय घेऊ नका, असं ती रेघ सांगते. अ‍ॅझिथ्रोमायसिन हे त्या गोळीतलं प्रतिजैविक जिवाणूंना आवरतं. सर्दी होते विषाणूंमुळे, तिथं त्याचं काहीच चालत नाही. ‘पण मला गुण येतो ना!’ येणारच. सर्दी आठवडा-दहा दिवसांत आपली आपण बरी होते आणि श्रेय गोळीला जातं. दरम्यान पोटातले जिवाणू त्या औषधाला निर्ढावतात. अपुऱ्या मात्रेतून हेच घडेल, असं पेनिसिलिन शोधणारे अलेक्झांडर फ्लेमिंग १९४५च्या नोबेल व्याख्यानात बजावून गेले होते.

रोजंदारीवरच्या माणसाला खाडा परवडत नाही, हा आक्षेप मला खरोखर अस्वस्थ करतो. पण निरुपयोगी गोळीवर त्याचेच पैसे जातात, आणि खाडा टळत नाही तो नाहीच. धाप लागली, ताप उतरेना, तर मात्र दवाखाना गाठायलाच हवा. जिवाणूंमुळे झालेल्या न्यूमोनियात हीच औषधं जीव वाचवतात. तिथं डॉक्टरांना विचारावं: संसर्ग जिवाणूंचाच कशावरून? किती दिवस घ्यायचं? असं विचारण्यात उद्धटपणा कसला? औषध आपल्याच पोटात जाणार असतं.