समुद्राखालून, मोटरसायकलसह

बंगळूरहून पुण्याला मोटरसायकल रेल्वेने पाठवायची म्हणजे काय व्याप असतो, ते ज्यांनी केलंय त्यांना विचारा. टाकीतलं पेट्रोल काढायचं, आरसी बुकाची झेरॉक्स द्यायची, मग पार्सल ऑफिसबाहेरचा माणूस गोणपाट गुंडाळून सुतळीने गाडी अशी बांधतो की ती गाडी आहे की भाताचं पोतं ते कळू नये. लेकीला पुण्यात पहिली नोकरी लागली तेव्हा तिची गाडी अशीच गेली. गाडी सामानाच्या डब्यात, लेक स्लीपरमध्ये.

त्यामुळे गेल्या वर्षी तिने लंडनहून फोनवर सांगितलं, "आई, आपण बाईकवर बसूनच ट्रेनमध्ये शिरायचं. टाकीत पेट्रोल असलं तरी चालतं," तेव्हा मला ती चेष्टाच वाटली.

तसं ट्रेनवर चढलेलं वाहन मी पाहिलं होतं. माझं माहेर माणगावचं. कोकण रेल्वेची ट्रक वाहून नेणारी 'रो-रो' सेवा १९९९ मध्ये सुरू झाली. कोलाडला चढलेले ट्रक उघड्या वाघिणींवर रांगेने उभे असतात आणि ड्रायव्हर आपापल्या केबिनमध्ये. २०२० मध्ये आमच्या बंगळूरजवळच्या नेलमंगलहून सोलापूरजवळच्या बाळे स्टेशनापर्यंतही अशी गाडी निघाली. पण हे सगळं ट्रकवाल्यांचं. पन्नाशी उलटलेल्या बाईने लेकीच्या मागे बसून समुद्राखाली जायचं, हे वेगळं.

इंग्लंडच्या फोकस्टनहून ही गाडी सुटते आणि फ्रान्सच्या कॅलेजवळ पोचवते. सगळे मिळून साधारण ३५ मिनिटं. १९९४ मध्ये सुरू झालेला हा बोगदा ५० किलोमीटरचा आहे आणि त्यातला ३८ किलोमीटर समुद्राखाली. मी समजत होते की पाण्यातून नळी टाकली असेल. तसं नाही. समुद्रतळाच्याही खाली सरासरी ४० मीटरवर, खडूसारख्या मऊ दगडातून तो खणलाय. दोन बोगदे रुळांचे आणि मधला एक देखभालीचा, संकटात बाहेर पडायलाही तोच. हे वाचून मला जरा धीर आला. लेकीला अर्थातच हे सगळं पाठ होतं.

फ्रान्सची पासपोर्ट तपासणी इंग्लंडातच, फोकस्टनला होते. (शेंगेन व्हिसा वेगळा काढावा लागतो, इंग्लंडच्या व्हिसावर भागत नाही.) गॅसवर चालणारी वाहनं घेत नाहीत, म्हणजे आमच्या बंगळूरची एलपीजी रिक्षा इथूनच परत! मग हात दाखवणाऱ्या माणसामागून आम्ही उतारावरून थेट डब्यात. लेकीने गाडी साइड स्टँडवर लावली, पहिल्या गिअरमध्ये टाकली आणि हेल्मेट काढलं. दोन डब्यांमधली दारं बंद झाली.

गाडीवाले आपल्या गाडीत बसून राहतात. मोटरसायकलवाल्यांना बसायला काहीच नाही. आम्ही दोघी मोटरसायकलशेजारी उभ्या. बाहेर काळोख, कानात दडे बसलेले. समुद्राखाली आहोत हे सांगणारी एकही खूण नाही. मी एक हात सीटवर ठेवून उभी होते, जणू मीच गाडी धरून ठेवलीय.

डब्यातून मधेच उतरता येत नाही, हे बहुधा तिने आधीच हेरलं होतं.

"आई, कंपनीने अजून तीन वर्षं थांबायला सांगितलंय. मी हो म्हणणार आहे."

तिचे बाबा बंगळूरला तिची खोली झाडून-पुसून ठेवतात. मार्चमध्ये ती कायमची परत येणार म्हणून त्यांनी भिंतीला रंगसुद्धा काढला होता. मी तिला ते सांगितलं नाही. मी विचारलं, "विचारतेयस की सांगतेयस?"

"सांगतेय."

"मग बाबांना तूच सांग. आणि फोनवर नाही. दिवाळीला ये, समोर बसून सांग."

ती बराच वेळ हेल्मेटचा पट्टा उघड-बंद करत राहिली. मग म्हणाली, "सुट्टी मिळेल का बघते."

"बघते नाही. ये."

"बरं, येते."

मला तिचं म्हणणं पटलेलं नाही, आजही नाही. पण इतकी नीट, न चिडता, आम्ही कित्येक महिन्यांत बोललो नव्हतो. फोनवर एकीने आवाज चढवला की दुसरी फोन ठेवते. इथे ती सोय नव्हती.

खिडकीत एकदम उजेड आला. घड्याळ एक तास पुढे करायचं होतं, ते राहूनच गेलं, कारण समोरचं दार उघडलं आणि पुढच्या गाड्या हलू लागल्या. इंग्लंडात आपल्यासारखंच डावीकडून चालवतात, त्यामुळे तिथवर मी निश्चिंत होते. फ्रान्समध्ये उजवीकडून. पहिल्या गोल चौकाशी मी मागून तिच्या खांद्यावर थोपटलं, "उजवीकडे गं, उजवीकडे!"

"माहितेय, आई. नीट धरून बस."